मानेचं ऑपरेशन झालं, तरी चाळीस टक्के का मिळाले नाहीत?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका मुलाने वडिलांबद्दल विचारलं आहे. प्रश्न लांब आहे, मी आटोपशीर करून सांगतो. वडील ४९ वर्षांचे, चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. दोन वर्षं हाताला मुंग्या येत होत्या, सदऱ्याची बटणं लागेनात, मग धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालताना तोल जायला लागला. एमआरआय झाला, नागपुरात मानेचं ऑपरेशन झालं, सी-५, सी-६ आणि सी-७ हे तीन मणके प्लेट आणि स्क्रू टाकून जोडले. त्याला नऊ महिने झाले. मान दुखते, फवारणीचा पंप पाठीवर घेता येत नाही, वखर धरता येत नाही. जिल्ह्याच्या बोर्डाने दिव्यांग प्रमाणपत्र दिलं ते १० टक्क्यांचं. तहसीलमध्ये ४० च्या खाली पेन्शनचा अर्जच घेत नाहीत. बाजारातला एक जण १२ हजारांत ४५ टक्के करून देतो म्हणतो. आणि पुण्यातला मामेभाऊ म्हणतो की अमेरिकेत असं ऑपरेशन झालं की पेन्शन सुरू होते, मग आपल्याकडेच का नाही?

मी हाडांचा डॉक्टर. विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या दिव्यांग बोर्डावर अकरा वर्षं बसलो, आता निवृत्त आहे. तेव्हा हे उत्तर टेबलाच्या पलीकडून आहे असं समजा.

मामेभावापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या बोलण्यातच सगळी गाठ आहे. अमेरिकेतही ऑपरेशन झालं म्हणून पेन्शन मिळत नाही. तिथलं सोशल सिक्युरिटी खातं विचारतं की हा माणूस निदान १२ महिने पोटापुरतं काम करू शकणार नाही, असं आहे का? त्याचं वय, शिक्षण, आजवर केलेलं काम, सगळं त्यात धरतात. आपल्याकडे दिव्यांग बोर्ड हा प्रश्नच विचारत नाही. बोर्ड मोजतं ते शरीराचं किती गेलं ते. तुमचे वडील शेतकरी आहेत की शाळेत लेखनिक, याचा टक्क्यांशी काही संबंध नाही. शेतकऱ्याची मान गेली तर वावर जातं आणि लेखनिकाची गेली तर उशी बदलते, हे बोर्डावरच्या डॉक्टरला कळतं, पण त्याच्या कोष्टकात त्याला रकाना नाही. मला हे कधीच पटलं नाही. पण नियम तो आहे, आणि भांडायचं तर नियमाच्या आत राहूनच भांडावं लागतं.

आता ते कोष्टक. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याखाली केंद्र सरकारने मोजमापाची पद्धत ठरवून दिली आहे. मी बोर्डावर होतो तेव्हा जे कोष्टक वापरायचो त्यात मानेच्या मणक्यांमधल्या गादीवर उपचार झाला, दुखणं शिल्लक आहे, पण नसांचं नुकसान नाही, अशाला १० टक्के होते. दुखणं आहे आणि एक्स-रेमध्ये मणका हलतोही, तर १५. कमरेला थोडे जास्त, १५ पासून ३० पर्यंत, आणि ३० कोणाला, तर ज्याला दुखणं आणि ताठरपणामुळे वजन उचलण्याची सगळी कामं बदलावी लागली त्याला. म्हणजे बघा, नुसता मणका जोडला एवढ्यावर कोणाचेही ४० होत नाहीत. उलट मणका नीट जुळला तर कोष्टकाच्या दृष्टीने तुम्ही बरे झालात, कारण हलणारा मणका बंद झाला. मानेचं वळणंही लोकांना वाटतं तितकं जात नाही. मान डावी-उजवीकडे वळते त्यातलं निम्मं वळण वरच्या पहिल्या दोन मणक्यांत असतं, आणि तुमच्या वडिलांचे जोडले ते खालचे.

म्हणजे १० टक्के बरोबर आहेत? मला तसं वाटत नाही. तुमच्या पत्रातलं बटणांचं आणि धुऱ्यावर तोल जाण्याचं वाक्य नसतं, तर मी हेच सांगून थांबलो असतो.

मानेच्या दुखण्याचे दोन प्रकार असतात आणि गावात दोघांनाही ‘नस दबली’ म्हणतात. एकात बाजूला निघणारी एखादी नस दबते. मग एका हातात कळ जाते, एखाद-दुसरं बोट बधिर होतं. ऑपरेशननंतर यातले बरेच जण चांगले होतात. दुसऱ्यात मधला मज्जारज्जूच दाबला जातो, म्हणजे मेंदूकडून हातापायांकडे जाणारी मुख्य तारच. यात कळ कमी असते, कधीकधी नसतेच, म्हणून माणूस अंगावर काढतो. हात अनाडी होतात, पाय ताठ होतात, लघवीचा ताबा बिघडतो. यातलं ऑपरेशन हे आणखी बिघडू नये म्हणून असतं. गेलेलं सगळं परत येईल याची खात्री कोणताही प्रामाणिक सर्जन देत नाही. काहींचं बरंच सुधारतं, काहींचं आहे तिथेच थांबतं. तुमच्या वडिलांची लक्षणं दुसऱ्या प्रकारची आहेत. दोन वर्षं दाब होता. त्यांच्या हातापायांत आज काहीच कमी नाही, असं होणं कठीण आहे. मग १० टक्के आले याचा अर्थ मला एकच दिसतो. बोर्डाने मान मोजली, हात-पाय मोजलेच नाहीत.

असं कसं होतं, तेही सांगतो. बोर्डाच्या दिवशी सकाळपासून व्हरांडा भरलेला असतो. एका माणसाला मिनिटं मोजून मिळतात. समोर डिस्चार्ज कार्ड येतं, त्यावर लिहिलेलं असतं ‘मानेचे मणके जोडले, रुग्णाची प्रकृती सुधारली’. डॉक्टर विचारतो, काय त्रास आहे? आणि आपला माणूस म्हणतो, “मान दुखते जी.” हात कसे आहेत? “बरे हाये.” चालता येतं? “येते नं जी.” झालं. मानेचे १० लिहिले, पुढचा. मी स्वतः असे किती लिहिले असतील देव जाणे.

‘बरं हाये’ या दोन शब्दांनी विदर्भात जितके टक्के बुडाले तितके कोणत्या कारकुनाने बुडवले नसतील. एक म्हातारे गृहस्थ आठवतात, वणीकडचे. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. सरकारी साहेबांसमोर जायचं म्हणून मुलाचा हात सोडून ताठ चालत आत आले, भिंत धरली नाही. बाहेर पडल्यावर व्हरांड्यातच बसकण मारली. शिपायाने येऊन सांगितलं म्हणून परत बोलावलं. नाटक करा असं मी कोणालाच सांगत नाही. नाटक कळतं, पटकन कळतं, आणि मग खरंही खोटं वाटायला लागतं. पण जे घरी होतं ते बोर्डासमोर लपवणं हेही उलट्या बाजूचं नाटकच आहे.

म्हणून बोर्डाकडे परत जाण्याआधी घरीच बघा. उजव्या हाताची मूठ पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची, दहा सेकंदात किती वेळा होतं ते मोजा. मग डाव्याची. निरोगी माणसाचं वीस किंवा जास्त होतं. मज्जारज्जू दबलेल्याचं बारा-पंधराला अडतं, आणि बोटं उघडताना मनगट वाकतं. दुसरं, जमिनीवर सरळ रेघ मारून एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत दहा पावलं चालायला सांगा. तिसरं मी नेहमी विचारायचो आणि नवीन डॉक्टरांना हसू यायचं: सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का? डोळे मिटल्यावर पायांना जमीन कुठे आहे हे कळत नसेल तर माणूस मोरीतच झोकांड्या खातो. हा मज्जारज्जूचा फार जुना आणि फार खरा पुरावा आहे.

आणि आपल्याकडची खास परीक्षा म्हणजे कापूस. बोंडातून कापूस ओढायला तीन बोटांची पकड लागते आणि ती घाईने, दिवसभर लागते. वडील आधी दिवसाला किती किलो वेचायचे आणि या हंगामात किती, हे लिहून न्या. बोर्ड त्याला टक्के देणार नाही, पण डॉक्टरचं लक्ष हाताकडे जाईल, आणि तेवढंच हवं आहे. तुरीच्या डाळीतले खडे निवडणं, ताटातला भात बोटांनी गोळा करणं, खिशातल्या नाण्यांत एक रुपया आणि दोन रुपये न बघता ओळखणं, हेही त्यातलंच. एका पेशंटने मला सांगितलं होतं, “साहेब, खर्रा घोटता येत नाही आता.” माझ्यासाठी ती नोंद नसांच्या ईएमजी तपासणीच्या रिपोर्टइतकी मोलाची होती. (तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला हे चांगलंच झालं, असं मी त्याला म्हणालो. बिडी-सिगारेटमुळे जोडलेलं हाड जुळायला उशीर होतो, कधी जुळतच नाही. तुमचे वडील ओढत असतील तर आजच थांबवा.)

आता जी गोष्ट कोणी बोलत नाही ती. लघवी आणि शौच. घाईने लागते आणि संडासापर्यंत पोचेस्तोवर होऊन जाते? सुरू व्हायला वेळ लागतो? झाल्यावरही राहिल्यासारखी वाटते? रात्री अंथरुण ओलं होतं? मज्जारज्जूमुळे लघवीचा ताबा गेला असेल तर त्याचे टक्के वेगळे मोजले जातात, आणि ते बारीकसारीक नसतात. पण पुरुष मुलासमोर हे सांगत नाही, बाई तर डॉक्टरसमोरही सांगत नाही. आर्णीकडच्या एका बाईंना मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा ‘नाही’. सोबतची नणंद बाहेर गेल्यावर रडायलाच लागल्या, गेली दीड वर्षं कापडाची घडी घालून वावरात जात होत्या. अशा वेळी लघवीची सोनोग्राफी करून घ्या, लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरते ते त्यात कळतं. हा कागद बोलतो, माणसाला बोलावं लागत नाही.

कागदांचं म्हणाल तर ऑपरेशन ज्यांनी केलं त्या विभागाच्या ओपीडीत जा आणि त्यांच्याकडून आजची तपासणी लिहून घ्या. ‘रुग्णास त्रास आहे’ अशी चिठ्ठी काही कामाची नाही. प्रत्येक हाताची आणि पायाची ताकद ० ते ५ या मापात, बधिरपणा कुठून कुठपर्यंत, पाय ताठ आहेत का, चाल कशी, लघवीचं काय, हे सगळं तारखेसह आणि सहीशिक्क्यासह हवं. ऑपरेशनच्या आधीचा एमआरआय शोधा, त्यात मज्जारज्जूवर पांढरा डाग दिसत असेल तर ती फिल्म फार महत्त्वाची आहे. तुमच्याकडे ती पलंगाखाली गुंडाळी होऊन पडली असेल, नीट सरळ करून ठेवा. ऑपरेशनची टिपणं मागून घ्या, डिस्चार्ज कार्ड म्हणजे ती नव्हेत. मान पुढे झुकवून आणि मागे नेऊन काढलेले ताजे एक्स-रे हवेत, मणका जुळला की हलतो ते त्यातच कळतं. फिजिओथेरपीला जात असाल तर तिथलं कार्ड. ताकदीबद्दल वाद असेल तर नसांची ईएमजी-एनसीव्ही तपासणी. ती सगळ्यांना लागत नाही, उगाच पैसे घालू नका.

मोजणीची एक खोच समजून घ्या, नाहीतर घरी बेरीज करून बसाल आणि बोर्डाने फसवलं म्हणाल. मानेचे टक्के आणि हाताचे टक्के सरळ मिळवत नाहीत. मोठा आकडा आधी पूर्ण धरतात. मग लहान आकड्याला, ९० मधून मोठा वजा करून जे उरेल त्याने गुणतात आणि ९० ने भागतात. जे येईल ते मोठ्यात मिळवतात. समजा, नुसतं समजा, हातापायांचे मिळून ३५ निघाले आणि मानेचे १०. बेरीज ४५ होते, पण बोर्डाचं उत्तर ४१ येईल. दहाला पंचावन्नने गुणलं, नव्वदने भागलं, सहा आले. चाळीसच्या काठावर असलेल्या माणसासाठी हे चार टक्के म्हणजे पेन्शन मिळणं आणि न मिळणं. म्हणून हात, पाय, लघवी यातलं काही मोजायचं राहून जाता कामा नये.

पुढचं पाऊल कोणतं? तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. प्रमाणपत्राच्या निर्णयाला ९० दिवस झाले नसतील तर कायद्याने अपील करता येतं. अर्जात ‘टक्के कमी दिले’ एवढंच लिहू नका. ‘हातापायांच्या आणि लघवीच्या दोषाची तपासणी झाली नाही, सोबत अमुक तारखेची तपासणी जोडली आहे, फेरतपासणी व्हावी’ असं लिहा. दुसरी वाट म्हणजे थोडं थांबणं. मज्जारज्जूचं जे काही सुधारायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात सुधारतं. वर्ष पूर्ण झाल्यावर जी ताकद आहे ती साधारण कायमची. तुमचं प्रमाणपत्र तात्पुरतं आहे का ते बघा, तात्पुरतं असेल तर त्यावर मुदत लिहिलेली असते आणि फेरतपासणी होणारच आहे. मी तुमच्या जागी असतो तर ९० दिवस उलटू दिले नसते, पण कागद तयार न करता घाईने अपीलही केलं नसतं. आधी ओपीडीची तपासणी, ती हातात आली की अपील. प्रमाणपत्राचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरच करायचा असतो, सेतू केंद्रातला मुलगा भरून देईल. प्रमाणपत्राला आणि यूडीआयडी कार्डाला, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राला, सरकारी फी नाही.

बारा हजारवाल्याबद्दल दोन शब्द. आजचं प्रमाणपत्र ऑनलाइन तपासता येतं. कार्डाचा रंगसुद्धा टक्क्यांवर आहे: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि पुढे निळा. बनावट कागद तहसीलमध्ये पकडला जातो तेव्हा दलाल तिथे नसतो, तुमचे वडील असतात. खोटं दाखवून दिव्यांगांचा लाभ घेतला तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या बारा हजारांत नागपूरच्या पाच खेपा आणि सगळे एक्स-रे होतात.

समजा ४० झाले. मग मुख्य आधार म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. अर्ज तहसीलमध्ये, वय १८ ते ६५, दिव्यांगासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या अहवालावरून तहसीलदार देतात, चार एकर कोरडवाहूला तो मिळायला अडचण येऊ नये. दिव्यांग लाभार्थ्याचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये झालं आहे, त्याआधी १,५०० होतं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पैसे थांबतात, आणि माणूस समजतो योजना बंद झाली. केंद्राचीही अपंगत्व पेन्शन आहे, पण ती दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्क्यांवरच्यांसाठी, तुमचा विषय नाही. एसटीत ७५ टक्के सवलत मिळते, ती नागपूरच्या खेपांसाठी खरंच कामाची आहे. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. ग्रामसभेत उठून विचारा की यावर्षीचे गेले कुठे. विचारणारा नसला की ते पैसे वर्षाअखेर भलत्याच कामावर दिसतात.

आणि झालेच नाहीत ४०? तपासणी करून हात-पाय खरंच बरे निघाले, तर आनंद माना आणि ही वाट सोडा. दिव्यांग पेन्शन तिथे मिळणार नाही, कितीही फेऱ्या मारल्या तरी. पण इतर वाचकांपैकी काहींचा मामला वेगळा असेल, त्यांच्यासाठी लिहितो.

मणक्याच्या क्षयामुळे स्क्रू टाकावे लागलेले रुग्ण आपल्याकडे पुष्कळ. संजय गांधी योजनेत दिव्यांगाखेरीज क्षय, पक्षाघात, कर्करोग अशा आजारांमुळे पोट भरू न शकणारेही बसतात. त्यांनी टक्क्यांच्या मागे न लागता आजाराच्या दाखल्यावर अर्ज करावा. त्यांना उत्पन्नाची मर्यादा २१ हजारांची आहे, तेवढी बघा. शिवाय क्षयाचा उपचार चालू असताना निक्षय पोषण योजनेचे महिना १,००० रुपये मिळतात, ते आले का विचारा.

मोहाच्या झाडावरून, विहिरीत, बैलबंडीवरून पडून मणका मोडला असेल आणि नाव सातबाऱ्यावर असेल, किंवा घरातल्या कोणाचं असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे. तिची भाषा टक्क्यांची नाही, अवयवांची आहे: दोन अवयव निकामी झाले तर दोन लाख, एक झाला तर एक लाख. दोन्ही पाय गेलेला माणूस त्यात येतो, नुसती कमर दुखणारा येत नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांच्या आत. हे ३० दिवस दवाखान्यातच जातात, म्हणून घरच्या कोणीतरी दुसऱ्याच दिवशी पोलीस पाटलाला सांगून नोंद करून ठेवायला हवी. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून सुरक्षा विमा चालू आहे का, तेही पासबुकात बघा. तिथेही अट अवयवांचीच आहे.

मोटारसायकल किंवा ट्रॅक्टरच्या धडकेत मान गेली असेल तर मात्र चित्र पार बदलतं, आणि हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे प्रश्न टक्क्यांचा नसून कमाईचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात २०१० साली स्पष्ट केलं की वैद्यकीय टक्के वेगळे आणि कमाईची क्षमता किती गेली ते वेगळं. डावा हात गेला तर सुतार किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ सगळी जाते, लेखनिकाची तशी जात नाही. म्हणजे मी सुरुवातीला जी तक्रार केली, शेतकऱ्याची मान आणि लेखनिकाची मान, तिला निदान या एका दारात उत्तर आहे. बोर्डाने १५ टक्के दिलेल्या सालगड्यालाही तिथे जास्त धरलं जाऊ शकतं, जर वकिलाने त्याचं काम काय होतं आणि आता काय करता येत नाही हे नीट मांडलं तर. २०२२ पासून दाव्याला कायद्याने सहा महिन्यांची मुदत आहे, ती पाळा.

सरकारी किंवा एसटीसारख्या महामंडळाच्या नोकरीत असणाऱ्यांनी राजीनामा देऊ नये. मान जोडल्यावर बस चालवता येत नाही म्हणून कोणी ‘स्वेच्छेने सोडतो असं लिहून दे’ म्हटलं तरी लिहू नका. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० सांगतं की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरं जमणारं काम द्यावं लागतं, आणि जागा नसेल तर जागा निर्माण करावी लागते. या कलमात ४० टक्क्यांचा उल्लेख नाही. जिनिंगमध्ये किंवा सूतगिरणीत पीएफ कापला जात असेल आणि काम पूर्ण सुटलं असेल, तर १९९५ च्या पेन्शन योजनेत कायमच्या पूर्ण अपंगत्वाची पेन्शन आहे. तिला दहा वर्षांच्या नोकरीची अट नाही, एक महिन्याची वर्गणीही पुरते.

तुमच्या वडिलांकडे परत येतो. टक्क्यांचं जे व्हायचं ते होईल, पण फवारणीचा पंप त्यांच्या पाठीवर आता नको. सोळा लिटरचा भरलेला पंप म्हणजे पट्ट्यांतून खांद्यावर आणि मानेवर ओढ, आणि जोडलेल्या मणक्यांच्या वरचा-खालचा मणका आधीच जास्त भार घेतोय. डोक्यावर भाराही नको. चाल पुन्हा बिघडली, हात आधीपेक्षा सुस्त झाले किंवा लघवी अचानक अडली, तर अपील बाजूला ठेवून त्याच दिवशी नागपूर गाठा.

बोर्डाच्या दिवशी त्यांना टी-शर्ट घालू नका. रोजचा बटणांचा सदरा घाला आणि तपासणीच्या वेळी बटणं त्यांची त्यांना काढू द्या, तुम्ही हात लावू नका. काठी वापरत असतील तर काठी सोबत असू द्या. आणि तुमच्याऐवजी आईला आत पाठवा. रात्री किती वेळा उठावं लागतं हे वडील सांगणार नाहीत, त्या सांगतील.